शामक औषधे आणि स्मृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणीपूर्वी दिलेले गुंगीचे इंजेक्शन, रात्री घेतलेली झोपेची गोळी, चिंतेवरची औषधे आणि शस्त्रक्रियेसाठीची भूल यांचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक सातत्याने विचारत असतात. त्यांतील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे औषधाने आठवण पुसली. वास्तविक ती आठवण मेंदूत टिकाऊ स्वरूपात कधी उमटलेलीच नसते. पुढची बहुतेक उत्तरे या एका फरकावर उभी आहेत.

हातात सुई टोचल्याचे आठवते आणि त्यानंतर थेट विश्रांतीच्या खोलीतले आठवते. मधल्या वेळात मी झोपलो होतो का?

बहुधा नाही, निदान सर्व वेळ तरी नाही. दुर्बिणीतून पोटाची तपासणी करताना मिडाझोलमसारखे औषध दिलेला रुग्ण कुशीवर वळायला सांगितले की वळतो, तोंड उघडायला सांगितले की उघडतो, मधेच हात वर करून नळी नको असल्याचेही दाखवतो. तपासणी संपल्यावर तो विचारतो, ‘‘झाली का?’’ त्याला ‘‘झाली, सगळे ठीक आहे’’ असे उत्तर मिळते, तो मान डोलावतो आणि चार मिनिटांनी पुन्हा विचारतो, ‘‘झाली का?’’ तिसऱ्यांदा विचारतानाही त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच विचारत असल्याचा भाव असतो. नातेवाईक या प्रसंगाने घाबरतात. भूलतज्ज्ञांना मात्र तो रोजचा असतो. रुग्णाला ऐकू येत होते, भाषा समजत होती आणि उत्तराने त्याचे समाधानही झाले होते. ते उत्तर काही मिनिटे धरून ठेवण्याची सोय तेवढी त्या वेळी बंद होती.

वैद्यकशास्त्रात या स्थितीला अग्रगामी विस्मरण म्हणतात, म्हणजे औषधाचा अंमल सुरू झाल्यापासून पुढच्या घटनांची नोंद न होणे. ‘मी विसरलो’ हे क्रियापद इथे तितकेसे बरोबर बसत नाही, कारण विसरण्यासाठी आधी काहीतरी साठवलेले असावे लागते.

आठवण ‘तयार होते’ म्हणजे मेंदूत नेमके काय घडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची दिशा एका रुग्णामुळे मिळाली. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराच्या तीव्र झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकांनी त्याच्या दोन्ही कानशिलांमागील मेंदूचा आतला भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा त्यातच गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणीच्या आठवणीही राहिल्या. परंतु २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याला घडलेल्या प्रसंगांच्या नव्या आठवणी जवळजवळ तयार करता आल्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्यानेच भेटत होत्या. शामक औषधाच्या अंमलाखालचा रुग्ण काही तासांपुरता पुष्कळसा याच अवस्थेत असतो.

हिप्पोकॅम्पस हा स्मृतींचा कायमचा साठा नव्हे. एखाद्या प्रसंगातील दृश्य, आवाज, जागा आणि भावना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत हाताळल्या जातात, आणि त्या सर्व एकाच प्रसंगाच्या आहेत हे बांधून ठेवण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. हे बांधणे चेतापेशींमधील जोडण्यांच्या पातळीवर होते. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसवरील प्रयोगांतून दाखवले, की एका मार्गावरून जलद विद्युतस्पंद पाठवले तर त्या मार्गावरील जोडण्या नंतर कित्येक तास अधिक बळकट राहतात. या घटनेला दीर्घकालीन दृढीकरण म्हणतात आणि शिकण्याचा पेशीय पाया म्हणून आज तीच सर्वाधिक स्वीकारली जाते.

या दृढीकरणातील एक बारकावा औषधांचा परिणाम समजण्यासाठी महत्त्वाचा आहे. ग्रहण करणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप स्वीकारणारी प्रथिने, असतात आणि त्यांच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. ती पेशी पुरेशी उत्तेजित झाली तरच हे बूच सुटते आणि कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम आत आले की काही विकरे कामाला लागतात, जोडणीवर आणखी रिसेप्टर बसवले जातात आणि पुढच्या तासांत नवी प्रथिने तयार होऊन हा बदल पक्का होतो. साखळीतील सुरुवातीची कडी निसटली तर पुढचे काहीच घडत नाही.

मग औषध ही साखळी कुठे तोडते?

मेंदूत उत्तेजन देणारी यंत्रणा असते तशीच आवर घालणारीही असते, आणि त्या आवर घालणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख निरोप्या म्हणजे गाबा हे रसायन. गाबा ज्या रिसेप्टरवर बसते तो पाच प्रथिनांनी बनलेला, मधोमध छिद्र असलेला एक दरवाजा असतो. तो उघडला की क्लोराइडचे ऋणभारित आयन पेशीत शिरतात आणि पेशी उत्तेजित होणे अवघड होते. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलम ही बेन्झोडायझेपिन कुळातील औषधे या दरवाजावर गाबाच्या जागी बसत नाहीत. ती शेजारच्या वेगळ्या खाचेत बसतात आणि गाबा आले असता दरवाजा अधिक वेळा उघडेल अशी व्यवस्था करतात. फिनोबार्बिटलसारखी जुनी बार्बिट्युरेट औषधे दरवाजा अधिक काळ उघडा ठेवतात आणि मोठ्या मात्रेत गाबाशिवायही तो उघडतात. बार्बिट्युरेटचा अतिरेक एकट्यानेच प्राणघातक ठरतो आणि एकट्या बेन्झोडायझेपिनचा क्वचितच ठरतो, यामागे हे एक कारण आहे. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामके सोबत असतील तर मात्र हा दिलासा राहत नाही.

आता वरची साखळी पुन्हा पाहिली तर विस्मरणाचे कारण उलगडते. आवर वाढल्यामुळे हिप्पोकॅम्पसमधील पेशी पुरेशी उत्तेजित होत नाही, मॅग्नेशियमचे बूच जागेवरच राहते, कॅल्शियम आत येत नाही आणि जोडणी बळकट होत नाही. प्रसंग घडतो, त्याचे स्पंद उमटतात, पण मागे काही उरत नाही. शिवाय हिप्पोकॅम्पसमधील पेशी एका लयीत काम करतात आणि ती लय राखण्याचे काम गाबा सोडणाऱ्या पेशींकडे असते. औषधाने त्या लयीतही बिघाड होतो.

विस्मरण हा गुंगीचाच परिणाम नव्हे काय? अर्धवट झोपेत कोणालाच काही आठवत नाही.

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘अंशतः’ असे आहे. पेंगुळलेल्या माणसाचे लक्ष कमी असते, आणि ज्याकडे लक्ष गेले नाही ते लक्षात राहत नाही. परंतु बेन्झोडायझेपिनमुळे होणारे विस्मरण त्याहून अधिक असते. सारखीच गुंगी येईल अशा मात्रेत वेगळ्या प्रकारची औषधे देऊन तुलना केली असता, मिडाझोलम किंवा प्रोपोफॉल हे भुलीचे औषध घेतलेल्यांना नंतर बरेच कमी आठवते असे दिसते. कमी मात्रेत प्रोपोफॉल घेतलेल्या व्यक्तीला दाखवलेला शब्द काही सेकंदांनी पुन्हा दाखवला तर ती तो बिनचूक ओळखते. काही मिनिटांनंतर तोच शब्द तिला पूर्ण अनोळखी वाटतो. म्हणजे शब्द आत पोहोचला होता. तो टिकवण्याच्या टप्प्यावर काम अडले.

रिसेप्टरचे उपप्रकार पाहिले की हे चित्र अधिक स्पष्ट होते. गाबा रिसेप्टरमधील अल्फा-१ हा घटक बेन्झोडायझेपिनला दाद देणार नाही असा जनुकीय बदल उंदरांमध्ये केला गेला, तेव्हा डायझेपामने येणारी गुंगी आणि विस्मरण त्यांच्यात बरेच ओसरले, पण चिंता कमी होण्याचा गुण टिकून राहिला. अल्फा-५ हा घटक असलेले रिसेप्टर हिप्पोकॅम्पसमध्ये विशेष दाटीने आढळतात. ते नसलेल्या उंदरांना एटोमिडेट हे भुलीचे औषध दिले तर ते गुंगीत जातात, मात्र त्यांची स्मृती पुष्कळ अंशी शाबूत राहते. एकाच औषधाचे हे वेगवेगळे परिणाम वेगवेगळ्या दरवाजांतून येतात, असा याचा अर्थ होतो.

औषध देण्यापूर्वीच्या आठवणीही जातात का?

जात नाहीत. इंजेक्शनच्या आधी रुग्णाने जे पाहिले आणि ऐकले, ते साधारणपणे त्याला आठवते. उलट स्वयंसेवकांवरील प्रयोगांत एक गमतीचा निष्कर्ष वारंवार आला आहे: औषध देण्याच्या थोडे आधी शिकलेले शब्द काही वेळा औषध न घेतलेल्यांपेक्षा किंचित अधिक चांगले आठवतात. औषधामुळे पुढचा काही काळ नवे काही शिरत नाही, त्यामुळे आधीच्या ताज्या नोंदींना कोणी धक्का लावत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परीक्षेपूर्वी हा उपाय करून पाहण्याचा मोह कोणाला होऊ नये, म्हणून इतकेच सांगतो की दुसऱ्या दिवशी सकाळचे काहीच डोक्यात राहणार नाही.

सर्व प्रकारच्या स्मृतींवर सारखाच परिणाम होतो का?

होत नाही. सर्वाधिक फटका बसतो तो प्रसंगस्मृतीला, म्हणजे ‘कुठे, केव्हा, काय घडले’ या नोंदीला. भाषा, पाढे, आप्तांची नावे असे पूर्वीच पक्के झालेले ज्ञान टिकून राहते. पोहणे किंवा सायकल चालवणे अशी अंगवळणी पडलेली कौशल्येही पुसली जात नाहीत, जरी तोल आणि प्रतिसादाचा वेग बिघडल्यामुळे त्या अवस्थेत ती करणे धोक्याचे असते. दूरध्वनी क्रमांक काही सेकंद मनात धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित मात्रेत फारशी ढळत नाही, आणि म्हणूनच गुंगीतला रुग्ण संभाषणात इतका सावध भासतो. एक अपवाद नमूद करण्याजोगा आहे. नकळत राहणारा पूर्वपरिचयाचा ठसा, म्हणजे एकदा पाहिलेला शब्द पुढच्या वेळी अधिक सहज ओळखला जाणे, बहुतेक बेन्झोडायझेपिनमध्ये बऱ्यापैकी टिकतो, परंतु लोराझेपाममध्ये तोही क्षीण होतो असे आढळले आहे.

सगळी शामके एकाच पद्धतीने काम करतात का?

नाही, आणि याबाबत सर्वांना एकाच मापाने मोजण्याची चूक फार होते. प्रोपोफॉल गाबा रिसेप्टरवरच काम करते, पण वेगळ्या जागी बसून, आणि त्याचा अंमल मिनिटांत उतरतो. केटामाइन वर उल्लेखलेला एनएमडीए रिसेप्टर थेट अडवते, म्हणजे ते साखळीच्या दुसऱ्याच कडीवर घाव घालते. त्यात विस्मरणासोबत भास आणि आपण देहापासून अलग झाल्याची जाणीवही होऊ शकते. डेक्समेडेटोमिडीन मेंदूच्या बुंध्यातील नॉरॲड्रेनॅलिन सोडणारे केंद्र शांत करते, आणि त्यातून येणारी गुंगी नैसर्गिक झोपेशी मिळतीजुळती असते: हाक मारली तर रुग्ण जागा होतो, उत्तर देतो, पुन्हा झोपतो. त्याने होणारे विस्मरण मुख्यतः लक्ष न लागल्यामुळे असते आणि मिडाझोलमइतके गडद नसते. स्कोपोलामाइन ॲसिटिलकोलिन या निराळ्याच रसायनाचा मार्ग अडवते. अफूजन्य वेदनाशामके वेदना कमी करतात, गुंगीही आणतात, पण विस्मरणासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

आठवत नाही म्हणजे वेदना झालीच नाही, असे समजावे का?

समजू नये. या पानावरील सर्व प्रश्नांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे बर्नहार्ड क्रोनिग आणि कार्ल गाउस यांनी बाळंतपणात मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन देण्याची पद्धत रूढ केली. ती ‘संधिप्रकाशातील झोप’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढची मात्रा केव्हा द्यायची हे ठरवण्यासाठी प्रसूत होणाऱ्या स्त्रीला एखादी वस्तू दाखवली जाई आणि काही वेळाने ती पुन्हा दाखवून ‘ही पाहिल्याचे आठवते का’ असे विचारले जाई. आठवत असेल तर आणखी औषध. मात्रा वेदनेवर ठरत नव्हती, स्मरणावर ठरत होती. स्त्रिया ओरडत, तडफडत, काही ठिकाणी त्यांना इजा होऊ नये म्हणून खाटेला गाद्यांचे अस्तर लावत. आणि शुद्धीवर आल्यावर त्याच स्त्रिया प्रसूती सुखाची झाल्याचे सांगत. अमेरिकेतील अनेक स्त्रियांनी १९१४-१५ च्या सुमारास या पद्धतीसाठी चळवळही केली.

याच प्रश्नाचे आधुनिक रूप एका साध्या युक्तीतून दिसते. १९७७ मध्ये मायकेल टनस्टॉल यांनी सुचवले, की स्नायू शिथिल करणारे औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या एका हाताला रक्तदाबाचा पट्टा आवळावा, म्हणजे ते औषध त्या हातात पोहोचणार नाही. उरलेले शरीर निश्चल असताना रुग्णाला सांगायचे, ‘‘ऐकू येत असेल तर माझे बोट दाबा.’’ बाहेरून गाढ भुलीत दिसणारे काही रुग्ण बोट दाबतात. नंतर विचारले तर त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यातले काही आठवत नाही.

यावर मतभेद आहेत. जे आठवणार नाही त्याचा त्रास मोजायचा कसा, असे काहीजण विचारतात. माझ्या मते उत्तर सोपे आहे: त्रास तो भोगण्याच्या क्षणी होत असतो, म्हणून वेदनादायक प्रक्रियेत विस्मरण देणाऱ्या औषधावर भागवून चालत नाही; वेदनाशामक किंवा जागा बधिर करणारे औषध स्वतंत्रपणे द्यावेच लागते. मिडाझोलममध्ये वेदना शमवण्याचा गुण जवळजवळ नाही, ही गोष्ट रुग्णांनी माहीत करून घ्यावी आणि प्रक्रियेपूर्वी ‘वेदनेसाठी काय देणार आहात’ असे निःसंकोच विचारावे.

पूर्ण भुलीत असताना जाग येऊन ते आठवण्याची शक्यता किती?

फार थोडी. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१४ मध्ये आला, त्यानुसार रुग्णाने आपण होऊन तक्रार केल्याचे प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे एक असे होते. स्नायू शिथिल करणारी औषधे वापरलेल्या शस्त्रक्रियांत ते जास्त होते. असा अनुभव आला असेल तर तो भूलतज्ज्ञांना अवश्य सांगावा. ‘भास झाला असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

झोपेची गोळी घेतल्यावर रात्री मी फोनवर बोलले, स्वयंपाकघरात काही खाल्ले, आणि सकाळी काहीच आठवत नव्हते. असे होते का?

होय. झोल्पिडेम आणि त्या गटातील गोळ्या रासायनिकदृष्ट्या बेन्झोडायझेपिन नसल्या तरी गाबा रिसेप्टरच्या त्याच खाचेत बसतात, आणि अल्फा-१ घटकाकडे त्यांचा ओढा अधिक असतो. गोळी घेऊन लगेच अंथरुणावर न पडता जागे राहिले, मात्रा वाढवली किंवा सोबत मद्य घेतले, तर चालणे, खाणे, बोलणे, अगदी वाहन चालवणे अशा कृती होऊन त्यांची नोंद मागे राहत नाही. गंभीर अपघात घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. त्याआधी २०१३ मध्ये स्त्रियांसाठी झोल्पिडेमच्या साध्या गोळीची शिफारस केलेली सुरुवातीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली होती, कारण त्यांच्या रक्तातून ते अधिक सावकाश उतरते आणि सकाळीही अंमल शिल्लक राहतो. असा प्रकार एकदा जरी घडला तरी ती गोळी पुन्हा न घेता डॉक्टरांशी बोलावे.

गोळीने आलेली झोप स्मृतीसाठी नैसर्गिक झोपेइतकीच उपयोगी असते का?

दिवसभरात हिप्पोकॅम्पसने बांधलेल्या नोंदी गाढ झोपेत पुन्हा उजळल्या जातात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलाकडे सोपवल्या जातात. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी झोपेत दिवसाचा मार्ग ‘पुन्हा चालताना’ १९९४ मध्ये नोंदल्या गेल्या आहेत. बेन्झोडायझेपिनमुळे झोप लवकर लागते, पण मंद लहरींची सर्वांत गाढ झोप कमी होते. त्याच वेळी झोपेतील ‘स्पिंडल’ नावाच्या जलद लहरी वाढतात, आणि झोल्पिडेमवरील काही प्रयोगांत या वाढीचा शब्दस्मरणाला फायदाही झालेला दिसला. तेव्हा ‘गोळीची झोप म्हणजे वाया गेलेली झोप’ हे सरसकट विधान टिकत नाही, आणि दोन्ही झोपा सारख्या असल्याचा दावाही टिकत नाही.

दारू पिऊन रात्रीचे काही न आठवणे हा हाच प्रकार आहे का?

बराचसा हाच. दारू गाबाचा आवर वाढवते आणि एनएमडीए रिसेप्टरलाही दाबते, म्हणजे साखळीवर दोन्ही बाजूंनी घाला घालते. रक्तातील मद्याचे प्रमाण वेगाने वाढले तर माणूस बोलत, हसत, वाद घालत असतो आणि तासन्‌तासांची नोंद मुळीच होत नाही. दारू आणि शामक गोळी एकत्र घेतली की विस्मरणाबरोबर श्वासही मंदावतो. धोका तिथे आहे.

औषधाचा उतारा दिला तर हरवलेला वेळ आठवतो का?

आठवत नाही. फ्लुमाझेनिल हे औषध बेन्झोडायझेपिनला त्याच्या खाचेतून हुसकावते आणि रुग्ण एक-दोन मिनिटांत डोळे उघडतो. त्यानंतरच्या घटना त्याला आठवू लागतात, आधीच्या नाहीत. फ्लुमाझेनिलचा अंमल सुमारे तासाभरात ओसरतो, तर मिडाझोलमचा त्याहून जास्त टिकू शकतो. त्यामुळे शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो आणि त्याला देखरेखीखाली ठेवावे लागते. संमोहन किंवा खोदून विचारलेले प्रश्न यांनीही ती पोकळी भरत नाही. भरलीच तर कल्पनेने भरते, आणि अशी कल्पित आठवण खऱ्याइतकीच ठाम वाटते.

कोणी पेयात गुंगीचे औषध मिसळले असल्याची शंका असेल तर?

फ्लुनिट्राझेपामसारख्या औषधांचा असा गुन्हेगारी वापर झालेला आहे. मधल्या तासांचे काहीच न आठवणे किंवा तुटक चित्रे आठवणे हे औषधाच्या परिणामाशी पूर्णतः सुसंगत असते; पीडित व्यक्ती सुसंगत हकिगत सांगू शकत नाही, यावरून ती खोटे बोलत असल्याचा निष्कर्ष काढणे हे अज्ञान आहे. ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत घेऊन लघवी आणि रक्ताचा नमुना द्यावा.

या औषधांनी नकोशी आठवण घालवता येते का?

वाईट प्रसंग घडून गेल्यावर दिलेले शामक ती आठवण पुसत नाही, आणि आघातानंतरच्या मानसिक ताणविकारासाठी बेन्झोडायझेपिन देण्याची शिफारस उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे साधारणतः करत नाहीत. संशोधनाची एक वाट मात्र लक्षवेधी आहे. आठवण जागवली की ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि नव्याने पक्की व्हावी लागते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, भावनिक गोष्ट आठवायला लावून लगेच प्रोपोफॉल दिले असता चोवीस तासांनंतर त्या गोष्टीतील भावनिक भागाचे स्मरण कमी झालेले आढळले. चित्रांसह सांगितलेली गोष्ट आणि आयुष्यात भोगलेला प्रसंग यांत फार अंतर आहे, त्यामुळे यावर उपचाराची आशा बांधणे घाईचे होईल.

वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्याने स्मृतिभ्रंश होतो का?

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. गोळ्या चालू असताना स्मरण कमी होते, हे निश्चित आहे. गुंगीची शरीराला काही आठवड्यांत सवय होते, विस्मरणाची तितकीशी होत नाही. परिणामी रुग्णाला आपण अगदी ताजेतवाने आहोत असे वाटते आणि कालचे बोलणे मात्र निसटलेले असते. बंद केल्यानंतर सुधारणा होते, पण दीर्घकाळ घेतलेल्यांत ती महिनोन्‌महिने अपुरी राहू शकते.

गोळ्यांमुळे अल्झायमरसारखा आजार जडतो का, हा दुसरा प्रश्न. कॅनडाच्या क्वीबेक प्रांतातील नोंदींवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांहून अधिक वापर आणि अल्झायमर यांचा संबंध दिसला. २०१६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल परिसरातील वृद्धांच्या अभ्यासात सर्वाधिक वापर करणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. निद्रानाश आणि चिंता ही स्मृतिभ्रंशाची फार आधी दिसणारी लक्षणे असू शकतात, म्हणजे आजाराची चाहूल लागल्यामुळे गोळी सुरू झाली असण्याचाही संभव असतो. कारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असेच आज म्हणावे लागते.

वृद्धांमध्ये ही औषधे टाळण्याचा सल्ला दिला जातो त्यासाठी या वादाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. पडून हाड मोडणे आणि अचानक येणारा संभ्रम ही दोन कारणे पुरेशी आहेत. डायझेपामचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ, मुळातच दीर्घ असतो, त्यापासून शरीरात तयार होणारा क्रियाशील घटक त्याहून सावकाश उतरतो, आणि वयाबरोबर हा काळ आणखी वाढतो; रोजची छोटी गोळी साचत जाते. तरीही घाबरून गोळी एकदम बंद करू नये. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा आठवड्यांच्या, प्रसंगी महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवावी लागते.

तपासणीनंतर मला पूर्ण शुद्ध आल्यासारखे वाटते. मग डॉक्टरांच्या सूचना लेखी का देतात आणि नातेवाईकासमोरच का सांगतात?

कारण बोलण्यातली सावधता आणि नोंदीची क्षमता एकाच वेळी परत येत नाहीत. रुग्ण कपडे नीट घालतो, चष्मा शोधून लावतो, अहवालावर शंका विचारतो, आणि कोणती गोळी जेवणापूर्वी घ्यायची हे घरी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात राहिलेले नसते. म्हणून सूचना कागदावर असाव्यात, सोबतच्या व्यक्तीने त्या स्वतः ऐकाव्यात, आणि पुढचे चोवीस तास वाहन चालवणे, यंत्र हाताळणे, मद्य घेणे व महत्त्वाच्या कागदांवर सही करणे टाळावे. तपासणीत काय निघाले याविषयी सविस्तर बोलायचे असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यावी. त्या दिवशी विचारलेले प्रश्न बहुधा पुन्हा विचारावे लागतात.